चौथ्या पायाची पट्टी

बसा, पण तो ओट्यावरचा दिवा राहू दे चालू. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. गोष्ट माझ्या साडूची आहे, म्हणजे तुमच्या आजीच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची. साडू म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? एकाच घरात फसलेले दोन जावई. हळू हसा, आजी अजून जागी आहे.

तो रस्त्याच्या टोकाच्या पागेत मोतद्दार होता आणि मी त्याच पागेचा नालबंद. घोड्याचं खाणंपिणं, खरारा, पायांची निगा त्याच्याकडे. खूर तासणं आणि नाल ठोकणं माझ्याकडे. चाळीस वर्षं घोड्यांचे पाय मांडीत धरले मी. माणसाच्या तोंडाकडे बघून मला काही कळत नाही, पायांकडे बघून कळतं. थोरल्या, तुझा डावा बूट बाहेरच्या कडेनं झिजलाय, सरळ चालत जा जरा.

तर सतरा नोव्हेंबर, मंगळवार. अकरा वर्षं झाली. अमावास्या होती का, असं आत्ताच विचारू नका, नव्हती. साधा मंगळवार होता. साडूची मुलगी सहा महिन्यांनी घरी येत होती, साडेसातच्या बसनं, आणि तिच्याबरोबर पुस्तकांनी भरलेली ट्रंक. ती उतरवून घ्यायला साडूला स्टँडवर जायचं होतं. एवढंच काम.

पण त्या दुपारी काजळीनं उड्या मारल्या होत्या. काजळी म्हणजे पागेतली काळी घोडी, अडथळ्यांच्या स्पर्धेतली. छातीएवढ्या दांड्यांवरून दोन फेऱ्या, जमीन दगडासारखी कडक. अशा कामानंतर घोड्याचे पाय आतून तापतात. रात्रभर तसेच ठेवले तर सकाळी सुजतात. म्हणून पोटीस बांधायचं. पोटीस म्हटलं की तुम्हाला ते गळवावर बांधतात तसलं गरम पोटीस आठवेल. हे गार असतं. पांढरी चिकणमाती भिजवून थालीपीठाच्या पिठाएवढी सैल करायची, गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत बोटभर जाड थापायची, वर ओला कागद, त्यावर कापूस, आणि सगळ्यावर पट्टी. रात्रभर माती उष्णता ओढून घेते. सकाळी पाण्यानं धुऊन काढली की पाय मोकळा.

सगळी मेख पट्टीत आहे. सैल राहिली तर माती गळते, फार तर मेहनत वाया जाते. घट्ट बसली तर मात्र रक्त अडतं. पायाच्या मागून जी जाड नस जाते, ती आवळते. रात्रभर आवळलेली राहिली की संपलं. म्हणून शेवटचा वेढा घेतला की वरच्या कडेतून करंगळी आत घालून बघायची. करंगळी गेली तर गाठ मारायची, नाही तर सोडून पुन्हा बांधायची. साडूनंच हे मला शिकवलं होतं. पट्टी बांधण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

तीन पाय त्यानं नीट बांधले. चौथा, पुढचा डावा, बांधताना फोन वाजला. मुलगी म्हणाली, "बाबा, बस अर्धा तास आधीच पोचतेय. मी एकटी कशी उतरवू ट्रंक?" त्यानं गाठ मारली आणि तो निघाला.

ट्रंक आली, मुलगी आली, घरात नुसता कल्लोळ. जेवणं झाली, गप्पा झाल्या. साडेदहाला साडू आडवा झाला आणि डोळे मिटले. मिटले, आणि लगेच उघडले.

करंगळी घातली होती का?

कुलूप लावून बाहेर पडल्यावर होतं ना तुमचं, लावलं की नाही, तसं. हात रोजचं काम करत असतात, डोक्याला पत्ता नसतो. पहिल्या पायाची करंगळी आठवत होती, दुसऱ्याची, तिसऱ्याची. चौथ्याच्या वेळी फोन. तो या कुशीवरून त्या कुशीवर. उठून पाणी प्यायला, पुन्हा पडला, पुन्हा उठला. बायको म्हणाली, "अहो, अंथरुणात मुंग्या आहेत का?"

अकरा वाजता त्यानं पागेच्या रखवालदाराला फोन केला. "काजळी कशी आहे?"

"एकदम शांत उभी आहे की. का हो?"

"काही नाही, सहज."

शांत. घोडा शांत असणं चांगलंच असतं असं नाही, पोरांनो. दुखण्यात घोडा ओरडत नाही, उभा राहतो.

मग तो सरळ गेला का नाही, असंच ना धाकटे? सांगतो. त्यासाठी दोन वर्षं मागे जावं लागेल, आणि हा भाग मला आवडत नाही.

पागेत आधी एक तांबडा घोडा होता. केवढा थोरला, पण स्वभावानं गाय. साडूवर त्याचा इतका जीव की साडूच्या चपलेचा आवाज आला की हा ठाणावर, आपल्या बांधायच्या जागी, पाय आपटायचा. एका रात्री साडूनं त्याचा पुढचा डावा पाय असाच घाईत बांधला. सकाळी मला बोलावलं, पाय सुजून भारी झालाय, नाल काढ म्हणून. मी नाल काढली. वर बघितलं, तर सुजेच्या मधोमध पट्टीचा वळ, गोल, बांगडीसारखा. साडू माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडाला रंग नव्हता. मालकीणबाई पाठीमागे उभ्या. त्यांनी मला विचारलं, त्याला नाही. "नालबंद, काय झालंय?"

आणि मी म्हणालो, "उडीत मुरगळलाय, बाई."

माझ्या शब्दाला तिथे वजन होतं. डॉक्टर आले तोवर वळ सुजेत बुडाला होता. तांबडा तीन आठवडे झुंजला, मग डॉक्टरांनी त्याला कायमचं निजवायची सुई दिली. साडू आणि मी त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. दोघांनी मिळून झाकलं की झाकणं सोपं जातं. आत मात्र ते कुजत राहतं.

म्हणून तो त्या रात्री जायला धजत नव्हता. अपरात्री गेला तर रखवालदार विचारणार, सकाळी बाईंच्या कानावर जाणार, पट्टीची चौकशी होणार. आणि चौकशी झाली की तांबडाही निघणार. स्वतःलाच समजावत बसला, घातली असेल करंगळी, आपण काय आजचे आहोत. पण समजूत काही पटेना.

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मुलीच्या टेबलावरचं घड्याळ त्याला अंथरुणातून दिसत होतं. बाहेर रस्त्यावर आवाज आला.

टप्. टप्. टप्... धप्.

त्याला वाटलं, काजळी सुटली. ताडकन उठला, दार उघडून बाहेर आला. रस्ता मोकळा. खांबावरचा दिवा, खाली पिवळा उजेड. काही नाही.

टप्. टप्. टप्... धप्.

जरा पुढून. पागेच्या बाजूनं.

तो चालू लागला. पायांत चप्पल आहे की नाही, हेही बघितलं नाही त्यानं. तो चालला की पुढचा आवाज चालायचा. तो थांबला की थांबायचा. आणि कान... घोड्याच्या माणसाचे कान असे खोटं ऐकत नाहीत. तीन पायांना लोखंड होतं. चौथ्याला नव्हतं. चौथा मऊ पडत होता. कशात तरी गुंडाळल्यासारखा.

पुढचा डावा.

मागे फिरावं असं त्याला वाटलं. मला म्हणाला, "भाऊ, पाय मागे वळायला तयार होते. पण तो थांबला होता ना माझ्यासाठी."

पुढच्या खांबाचा उजेड आला. आवाज उजेडात शिरला. टप्. टप्. टप्... उजेड रिकामा. धप्. पलीकडे गेला.

साडू तिथेच उभा. मग म्हणाला, अगदी हळू...

"चल बाबा. येतो मी."

आणि आवाज चालायला लागला.

पागेचं फाटक ढकललं तेव्हा रखवालदार खुर्चीत घोरत होता. आवाज आत गेला. ठाणांच्या रांगेतून. एकही घोडा खिंकाळला नाही. एकही हलला नाही. सगळ्यांच्या माना मात्र एकाच बाजूला वळलेल्या... आवाज जाईल तशा वळत गेलेल्या.

काजळीच्या ठाणापाशी थांबला.

घोडी घामानं निथळत होती. पुढचा डावा पाय उचललेला. पट्टीच्या वर मांस फुगून बाहेर आलं होतं. साडूनं कात्री घेतली. पट्टी कापली, कापूस, कागद, माती. माती वाळून कडक झालेली, इतका पाय तापला होता. खाली वळ.

तसाच वळ.

त्यानं नळी जोडली, पाण्याची धार पायावर धरली आणि पाय मांडीत घेतला. एक वाजला. दोन. मधेमधे हातानं चोळायचा. तोंडानं नुसतं, "मला माफ कर, मला माफ कर." कुणाला म्हणत होता, हे त्यालाही कळत नव्हतं. पाठीमागे, मानेपाशी, कुणीतरी श्वास घेत होतं. मोठा श्वास. सावकाश. ऊब नसलेला.

त्यानं मागे वळून बघितलं नाही.

...

पाचच्या सुमाराला घोडीनं पाय खाली टेकवला. आधी नुसतं टोक. मग सबंध खूर. मग अंगाचा भार. साडू सांगताना इथे रडला होता. मीही रडलो, खोटं कशाला बोलू? पाठीमागचा श्वास केव्हा बंद झाला, ते त्याला समजलंच नाही.

सात वाजता मालकीणबाई आल्या. साडू ओलाचिंब त्यांच्यासमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. कालची पट्टी सांगितली, आणि तांबड्याचीही सांगितली. बाईंनी वाकून काजळीचा पाय चाचपला. मग विचारलं, "हे नालबंदाला माहीत होतं?"

साडू म्हणाला, "नाही बाई. त्याला मी फसवलं."

बाईंनी त्याला काढलं नाही. म्हणाल्या, "आता सांगितलंस, तेव्हाच सांगितलं असतंस तर बरं झालं असतं." बस, एवढंच. काजळी पुढे चार वर्षं उड्या मारत होती. आणि साडू त्या दिवसापासून गाढ झोपायला लागला. अंगावरचं ओझं उतरलं की माणूस झोपतो. मागच्या वर्षी गेला तोही झोपेतच गेला.

गोष्ट इथे संपली, असं समजून उठायला हरकत नाही. झोपा जाऊन.

काय रे? मी का नाही गेलो बाईंकडे? जायला हवं होतं. साडूनं माझ्यासाठी खोटं बोलून मला मोकळं केलं, आणि मी मोकळा राहिलो. लाज वाटते. रोज उद्या जाऊ म्हणत गेलो, बाई पागा विकून निघूनही गेल्या.

बरं, बसलाच आहात तर ऐका. हे मी साडूलाही सांगितलं नाही.

पागेकडून आलं की आधी आपलं हे घर लागतं. साडूचं त्याच्यानंतर.

त्या रात्री बारा वाजायला दहा मिनिटं होती. मी जागा होतो. रस्त्यावर आवाज आला. तीन लोखंडाचे, एक मऊ. मी लगेच ओळखला. चौथी नाल मी स्वतःच्या हातानं काढली होती, मी नाही ओळखणार तर कोण?

या ओट्यापाशी थांबला.

त्याला मी आधी हवा होतो. साडूच्या आधी. मी उठलो असतो तर साडूला बोलावलं असतं, आम्ही दोघं गेलो असतो, घोडीचा अर्धा तास वाचला असता... मी उठलो नाही. पांघरूण डोक्यावरून घेतलं. पन्नाशी उलटलेला माणूस, घोड्यांत जन्म गेलेला... पांघरुणात तोंड घालून पडून राहिलो.

दारावर काहीतरी घासलं. एकदा.

मग बराच वेळ... काहीच नाही.

मग आवाज पुढे गेला. साडूच्या घराकडे.

सकाळी सहाला उठलो. कडी होती तशी लावलेली. आणि दारावर, गुडघ्याच्या उंचीवर, पांढऱ्या मातीचा डाग. हातभर लांब. ओला. त्यात पट्टीच्या कापडाची वीण उमटलेली, धागा न् धागा. तुमची आजी उठायच्या आत मी फडकं घेऊन तो पुसून काढला.

बाहेर जायची गरजच पडली नाही. डाग दाराच्या आतल्या बाजूला होता.