ही गाडी तुम्ही घेऊ नका

"ही गाडी तुम्ही घेऊ नका," तो म्हणाला.

मी नुकतीच शोरूममध्ये शिरले होते. छत्री निथळत होती, पादांगचा दुपारचा पाऊस पत्र्यावर ताशा बडवत होता, आणि मी अजून गाडीच्या दाराला हातसुद्धा लावला नव्हता.

"का?"

"घरात माणसं किती?"

"मी एकटीच."

"एकटं कोणी नसतं. आई?"

"योग्याकार्ताला."

"ती येणार. येताना बहिणीला आणणार. बहीण सुनेला आणणार, सून पोराला." त्याने बोटं मोजली. "हिच्यात पाच सीट आहेत. सुनेला काय टपावर बसवणार?"

मी पर्समधून कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं. लारास प्रामेस्ती, विक्री धोरण विभाग, जकार्ता. गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन शोरूम तपासायची अक्कल माझीच. आणि हा मनुष्य त्या शोरूमचा मॅनेजर होता.

त्याने कार्ड वाचलं. माझ्याकडे पाहिलं. डोळे हसत होते, तोंड मुळीच नाही.

"मग चहा घ्या, मॅडम," तो म्हणाला. "आणि गाडी तरीही घेऊ नका."

हा रिफ्की. पाच मिनिटांत माझ्या मस्तकाची शीर उठवणारा आयुष्यातला पहिला माणूस.

आमचं धोरण परदेशात, कंपनीच्या मूळ देशात ठरलं होतं. इंडोनेशियातली कुटुंबं लहान होत चाललीत, सरासरी चार माणसं. तेव्हा मागची तिसरी रांग काढा, इंजिन लहान करा, किंमत उतरवा आणि सात सीटवाल्यांचं गिऱ्हाईक ओढा. कागदावर ते इतकं देखणं दिसायचं की टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. जावामध्ये गाडी बरी खपली. इथं पश्चिम सुमात्रात तीन महिन्यांत अकरा. म्हणून विर्यावान साहेबांनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, मला धाडलं. तीन महिने तिथं राहा, महिन्याला चाळीस गाड्या खपव. नाही जमलं तर त्या शोरूमला टाळं.

शोरूममध्ये सव्वीस माणसं कामाला होती.

"सरासरी कुटुंब चार माणसांचं आहे," मी रोज सांगायचे.

"असेल. सरासरी कुटुंब अजून माझ्या दारात आलं नाही. आलं की पहिली गाडी त्यालाच."

"तुम्हाला नोकरीची काळजी नाही का?"

"आहे ना. म्हणून तर खोटं बोलत नाही. पुढच्या वर्षी याच लोकांना तोंड दाखवायचंय."

असं रोज. मी चिडायचे, तो थंड. तावातावाने बाहेर पडावं तर पाऊस, आणि पावसात माझी छत्री घेऊन हाच उभा. तिथं फेटलेल्या अंड्याचा चहा पितात. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं, तर दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर साधा चहा यायला लागला. कोण पाठवतं म्हणून विचारलं तर स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, "उदानं सांगितलंय." उदा म्हणजे दादा. सगळं शोरूम त्याला उदा म्हणायचं. मी कटाक्षाने साहेब म्हणायचे.

पाचव्या आठवड्यात मी टेबलावर हात आपटला. "सिद्ध करून दाखवा. ही गाडी इथं का चालत नाही?"

"रविवारी घाटापलीकडे सोलोकला चला," तो म्हणाला. "गाडी तुमची, माणसं माझी."

माणसं म्हणजे त्याची आई, दोन मावश्या, बहीण आणि बहिणीचं तान्हं बाळ. चौघी मागे, बाळ मांडीवर, पायाशी फणसाएवढी टोपली. मी पुढे, त्याच्या शेजारी. घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर इंजिन कण्हलं. तिसऱ्या वळणावर गाडी थांबली ती थांबलीच. मागे ट्रकचा भोंगा, वर भुरभुर पाऊस. रिफ्कीने उतरून चाकाखाली दगड लावला आणि सगळ्यांना खाली उतरवलं.

धाकट्या मावशीने मला आपादमस्तक न्याहाळलं. "पोरी, ही गाडी तू बनवलीस?"

"नाही मावशी. मी नुसती विकते."

"कशाला विकतेस?"

मी पदवी घेतली आहे, सुवर्णपदक घेतलं आहे. मी वाकून तिची टोपली उचलली.

त्याने बहिणीला स्टिअरिंगवर बसवलं आणि मागे येऊन माझ्या शेजारी ढकलायला उभा राहिला. ओल्या पत्र्यावर त्याचा हात माझ्या हाताला लागला. दोघांनीही काढला नाही. अर्थात... काढला असता तर गाडी अंगावर आली असती. पण वळण संपलं, गाडी सपाटीवर गेली, तरी आम्ही काही पावलं तसेच चालत राहिलो.

त्या आठवड्यात मी अहवाल लिहिला. तिसरी रांग परत घाला, मोठं इंजिन द्या. तोवर घाटाकडच्या शाखांना चाळीसचा आकडा लावू नका. सोबत फोटो: गाडी पुढे, मावश्या मागे, पायी.

विर्यावान साहेबांचा फोन आला. "लारास, तुला विकायला पाठवलंय. मत द्यायला नाही."

"साहेब, गाडी चढत नाही."

"बाजार चढतोय ना? मग गाडीही चढेल."

मी फोन ठेवला आणि तोच अहवाल थेट परदेशी मुख्यालयाला पाठवला. रिफ्की दारात उभा होता.

"नोकरी जाईल तुमची."

"सव्वीसांची जाण्यापेक्षा बरी."

त्याने माझी छत्री उचलली आणि मला घरी सोडायला निघाला. मनातलं मात्र कधीच बोलायचा नाही, हीच तर अडचण. सहा आठवडे मुख्यालय गप्प आणि हाही गप्प. संध्याकाळी घरापर्यंत सोबत यायचा, आईने दिलेला डबा हातात द्यायचा, फाटकापाशी थांबायचा... आणि "पाऊस येईल" म्हणून निघून जायचा. पादांगमध्ये पाऊस येईल हे सांगायला माणूस लागतो का?

मग एका सकाळी परिपत्रक आलं. पुढच्या वर्षी सात सीट, मोठं इंजिन. तोवर आमच्यासह घाटाकडच्या सगळ्या शाखांना आकड्याची सूट. शेवटी विर्यावान साहेबांच्या दूरदृष्टीबद्दल आभार. माझं नाव कुठंच नव्हतं. होतं ते दुसऱ्या कागदावर: काम संपलं, सोमवारी जकार्तात हजर व्हा.

शोरूममध्ये पेढे वाटल्यासारखा केळ्याच्या वेफर्सचा पुडा फिरला. मी रिफ्कीला दुसरा कागद दाखवला. त्याने तो शांतपणे वाचला, घडी केली, परत दिला.

"अभिनंदन," तो म्हणाला.

माझा बांध फुटला. "एवढंच? तीन महिने छत्री धरलीस, डबे आणलेस, आणि आता अभिनंदन? तुला काही बोलायचंच नाही?" अहोजाहो कुठं गळून पडलं, मला कळलंही नाही.

"बोलायचंय," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पण ते... मी बोलायचं नसतं."

"म्हणजे?"

"आमच्याकडे मुलाला मागणी घालतात. मुलीकडची माणसं येतात. मुलानं आपणहून विचारणं बरं दिसत नाही."

"रिफ्की, मी जावाची आहे. आमच्याकडे मुलगी जीव देईल, पण विचारणार नाही."

"ते लक्षात आलं माझ्या," तो उसासा टाकून म्हणाला. "फार त्रास झाला."

"तुला त्रास?"

"सहा आठवडे रोज दाढी करतोय. आई विचारते, अजून कोणी आलं कसं नाही? तिला काय सांगू?"

मला हसावं की त्याला छत्रीनं हाणावं, कळेना. मी फोन काढला. तो समोरच उभा राहिला, हात मागे बांधून, शाळेतल्या निकालाच्या दिवसासारखा.

"आई," मी म्हणाले, "तुला पादांगला यावं लागेल. एका मुलाला मागणी घालायला."

पलीकडे टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. "आपण घालायची?"

"आपणच."

"आणि तो काय करणार?"

"लाजणार. आत्ताच सुरुवात केलीय."

आईने मोठा सुस्कारा सोडला. मागे माझ्या मावशीचा आवाज आला, कोण गं, कोण. आईने तिला गप्प केलं.

"बरं," ती म्हणाली. "त्याला विचार, रविवारी आलो तर चालेल का."

मी मान वर करून त्याला विचारणारच होते, तेवढ्यात...

"चालेल," रिफ्की म्हणाला.