चौथा नमुना

शिवांजली शिरवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासते. तपासते म्हणजे मोडते. लॉट आला की त्यातले तीन नमुने उचलायचे, यंत्रात घालून पार तुटेपर्यंत ताणायचे, ते कुठे तुटले हे लिहायचं आणि बाकीच्यांना पास करायचं. पहिल्या वर्षी तिला मोडलेल्या तुकड्यांची कीव यायची. मग सवय झाली. पोटापुढे कसली कीव!

त्या रविवारी मात्र ती कुंडलला घरी होती आणि जेवण उरकून लॅपटॉपवर अवकाशयानाचा खेळ खेळत बसली होती. वय वर्षं एकोणतीस. एरवी आई बोलली असती, पण हा खेळ दोघा भावंडांचा. धाकटा शंभूराज फौजेत जाण्याआधी दोघांनी मिळून खेळातल्या सगळ्या सूचना कुंडलच्या बोलीत करून टाकल्या होत्या. यान नीट उतरलं की पडद्यावर यायचं, 'टेकलं एकदाचं.' फुटलं की, 'गेलं रं गड्या.'

आता शंभूराज सरहद्दीवरच्या एका उंच चौकीवर होता आणि मंगळवारपासून त्याचा फोन नव्हता. बर्फ पडतोय, लाइन बंद आहे, एवढंच युनिटमधून कळलं होतं. आई, मनुबाई, फोन मांडीवर घेऊन सोप्यात बसली होती. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणून शिवांजलीने मन खेळात घातलं होतं.

या खेळात कंपन्या आपले नवे भाग चाचणीला देतात. आज पॅराशूट आलं होतं, म्हणजे दोघांच्या भाषेत छत्री. अट किचकट होती. उंची पाच हजार चारशे ते पाच हजार साडेचारशे मीटर, वेग सेकंदाला ऐंशी ते शंभर मीटर, आणि छत्री ठरल्या क्रमानेच, म्हणजे इंजिन सुटल्यावर, स्पेसबार दाबून उघडायची. कंपनीचं नाव लिहिलेलं नव्हतं. तिने काम नाकारलं. ते परत आलं. पुन्हा नाकारलं, पुन्हा आलं. खेळात काहीतरी बिघडलंय असं म्हणत तिने ते घेतलं.

दर खेपेला एक, अशा चार पायलटांना नावं द्यायची होती. शंभूराजने मागच्या महिन्यात चौकीवरचा चौघांचा फोटो पाठवला होता. तीच नावं तिने टाकली. अर्जुना, ज्ञानू, तानाजी, शंभूराज. भावाला तिने शेवटी ठेवलं. अवघड चाचणीला आपला माणूस आधी कोण पाठवतं?

अर्जुनाचं यान फार वेगात होतं. छत्री फाटली. 'गेलं रं गड्या.' खाली आणखी एक ओळ होती, 'वारं लय हाय.'

ही ओळ आपण कधी लिहिली? तिने भाषांतराची फाइल उघडून शोधली. फाइलमध्ये ती नव्हती. शंभ्याने कुठेतरी दडवून ठेवली असेल, तो आहेच तसला, असं तिने स्वतःला समजावलं.

ज्ञानूच्या वेळी क्रम चुकला, छत्री आधीच सुटली. 'गेलं रं गड्या. काय बी दिसंना.'

अंगणात ऊन मी म्हणत होतं आणि तिची बोटं गार पडली होती.

"आई, शंभ्याकडं वारं असतंय का गं लय?"

"आसतंय की. तितं दुसरं काय आसतंय? कशाला इचारतीस?"

"असंच."

खरं तर तिने लॅपटॉप मिटायला हवा होता. तिला ते जमेना. शंभ्या पडद्यापलीकडे आहे आणि आपण हात सोडला तर तो पडेल, असं तिला आतून वाटायला लागलं होतं. तिला भीती वाटत होती. मग आता त्यालाच पाठवायचं? नाही. वेगाचं गणित अजून बसलं नव्हतं. आणखी एक नमुना लागणार होता.

तिने तानाजीला पाठवलं. फोटोतल्या त्याच्या चेहऱ्याकडे मात्र तिने बघितलं नाही.

उंची जमली. वेग तीन मीटरने जास्त निघाला.

'गेलं रं गड्या.' या खेपेला त्याखाली कसलीच ओळ आली नाही.

चौथ्यांदा तिने शंभूराजला पाठवलं. पाच हजार चारशे तीस. वेग शहाण्णव. स्पेसबार.

छत्री उघडली.

यान हिरव्या माळावर उतरायला हवं होतं. खालची जमीन पांढरी होती.

'टेकलं एकदाचं.'

सोप्यात फोन वाजला.

"व्हय रं माझ्या राजा, व्हय," म्हणत मनुबाई रडायलाच लागली. मग फोन लेकीच्या हातात देऊन ती देवापुढे साखर ठेवायला आत धावली.

"शंभ्या, बरा हाईस न्हवं?"

"बरा हाय. दवाखान्यात हाय. बर्फाचा कडा सुटला, चौघं बी खाली गेलो. मी येकलाच वाचलो, तायडे."

"लय वाईट झालं रं," ती कशीबशी म्हणाली.

फोनमधून वारा ऐकू येत होता. दवाखान्यात एवढा वारा कुठला, असं तिच्या मनात आलं.

मग तो हळूच म्हणाला, "तायडे, तानाजीची पोरं अजून लहान हायती गं. मला शेवटाला का ठिवलंस?"