फ्लॅश न उडणारा कोपरा

बसा रे, लाइट येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या इंदिरानगरच्याच झुंबरची गोष्ट ऐका.

गेल्या पौषातली अमावास्या, रविवार. इलेक्ट्रिकच्या दुकानाचं शटर मी अर्धं ओढलेलं. तेवढ्यात झुंबर आला. हातात त्याच्या वडिलांचा, अण्णांचा, जुना कॅमेरा. चपटा, लांबट. फिल्मची डबी आत सरकवली की झालं. अंधार असला की फ्लॅश आपोआप उडणार, उजेड असला की नाही. अण्णांना जाऊन तेव्हा नऊ दिवस झालेले.

"दोन सेल द्या, शेठ. मनमाडचा ओवेस जुन्या वस्तू घेतो. म्हणतो, फ्लॅश चालतो त्याचा व्हिडिओ आजच पाठवा, सकाळी पहिल्या गाडीनं येऊन घेऊन जातो."

"अरे, उद्या गंगेवर दहावा ना? तुझी बहीण येतेय. प्रतिभाला हवा होता तो कॅमेरा."

"म्हणूनच आज उरकतोय! आली की रडून मागणार."

"आणि अण्णांच्या खाटेशेजारी, जमिनीवर ठेवलेला दिवा?"

"तिसऱ्या दिवशीच मालवला. एकट्या माणसानं दहा दिवस वात राखत बसायचं का?"

मी गुमान सेल दिले. गिऱ्हाइकाला उपदेश केला की ते पुढच्या वेळी समोरच्या दुकानात जातं.

रात्री साडेअकराला फोन.

"कसले सेल दिलेत हो? फ्लॅश उडत नाही!"

"उलटे घातले असशील. दहातली आठ गिऱ्हाइकं तेच करतात."

"तीनदा काढून घातले! स्वयंपाकघरात उडतो, पॅसेजमध्ये उडतो, इथंच काय धाड भरते याला? ओवेसचे चार फोन येऊन गेले!"

"उजेड असेल. ट्यूब बंद कर."

"बंदच आहे! खिडकी लावली, पडदा ओढला. मला माझा हात दिसत नाहीये!"

"आहेस कुठं?"

"अण्णांच्या खोलीत. सगळ्यात काळोख इथंच आहे."

"दाराकडे धरून दाब बरं."

टक.

"उडाला! चांगला लख्ख उडाला."

"आता कोपऱ्याकडे. त्यांच्या खाटेकडे."

टक.

"...नाही."

"परत."

टक.

"नाही."

मी म्हटलं, "झुंबर, त्या यंत्राला खोटं बोलता येत नाही. त्याला तिथं उजेड दिसतोय..."



"झुंबर?"

नुसता श्वास.

मग अगदी हळू, लहान पोरासारखा आवाज, "अण्णा...?"

फोन बंद.

उजाडताच मी गेलो. झुंबर बाहेर जिन्यात बसलेला. डोळे लाल. ओवेसला त्यानं येऊ नको म्हणून कळवलं होतं. प्रतिभा आली, तसा त्यानं कॅमेरा तिच्या हातात दिला.

ती थेट अण्णांच्या खोलीत गेली. खाटेशेजारच्या जागेला हात लावून नमस्कार करायला वाकली. वाकलेलीच राहिली.

"दादा," ती म्हणाली, "दिवा आत्ताच उचललास का रे? फरशी अजून गरम आहे."