चंद्रावरची दोनशे मतं

चंद्रावरच्या खाणीतून आलेल्या टपाली मतांची मोजणी संपली आणि मंदाकिनी आचरेकर पडद्याकडे बघतच राहिल्या. भार्गव सुर्वे शंभर. नलिनी घाग शंभर.

"डॉक्टर, हे मला पटत नाही."

कोकणातल्या या मतदारसंघाच्या त्या निवडणूक निर्णय अधिकारी. खाणीतली माणसं इथलीच, आणि तिथली कामं त्यांना सुर्व्यांनीच मिळवून दिलेली. तिथली मतं त्यांच्याच पदरात पडणार, असं सगळे धरून चालले होते.

क्वांटम तंत्राच्या पुंजमतपत्रिका बनवणारे डॉ. फिरोज मुकादम चष्मा पुसू लागले. "प्रत्येक मत एका प्रकाशकणात बंद असतं. ते उघडायची किल्ली फक्त इथे. किल्लीशिवाय कोणी वाटेत डोकावलं, तर मत विस्कटतं. मग इथे छापा-काटा केल्यासारखं काहीही उमटतं."

"म्हणजे निम्मं-निम्मं!"

"हो. पण तिथली माणसं खरोखरच निम्मी-निम्मी असली, तरी असंच दिसेल."

"इतकी काट्यावर? कोणीतरी डोकावलंय."

जमिनीवरच्या मतांत सुर्वे बारा मतांनी पुढे होते, म्हणजे जिंकल्यातच जमा. पण मंदाकिनीबाईंनी शंका बोलून दाखवताच ते उसळले. "वर कोणीतरी विकलं गेलंय! घ्या फेरमतदान. माझी माणसं आहेत ती!" कॅमेऱ्यांसमोरही ते हेच बोलले.

चंद्रावर पुन्हा मतदान झालं. घाग एकशे एकाहत्तर, सुर्वे एकोणतीस.

"आता शंकेला जागा नाही," मुकादम म्हणाले. "कोणी डोकावलं असतं, तर इतकं एकतर्फी आलंच नसतं."

तेवढ्यात खाणीवरच्या केंद्रप्रमुख हसीना परकार पडद्यावर आल्या. "मॅडम, पहिल्या वेळी आम्हीच पहारा दिला होता. सुर्वेसाहेब आम्हाला विकलेले म्हणाले, ते इथं सगळ्यांनी ऐकलं. त्याआधी निम्मी माणसं त्यांचीच होती."

पडदा मिटला. मंदाकिनीबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "खरं बोलतेय?"

"दुसरी मोजणी खरी, एवढं मी सिद्ध करू शकतो. पहिली मतं आता उरलीच नाहीत. एकदा वाचली की ती संपतात."

बाहेर घागांचे ढोल वाजू लागले. मंदाकिनीबाईंनी निकालावर सही केली आणि मान वर केली, तर दारात सुर्वे उभे. आवाज पार उतरलेला.

"बाई, पहिल्या मोजणीत मी जिंकलो होतो ना?"

मंदाकिनीबाईंना त्यांच्याकडे बघवेना.

"बहुतेक," त्या म्हणाल्या.