हार्ड डिस्कवरची शेवटची आठ मिनिटं

वैशाखातल्या एका मंगळवारी सकाळी सुलक्षणाबाईंनी लॅपटॉप जुन्या टॉवेलात गुंडाळला, कापडी पिशवीत घातला आणि देवपुरातल्या घराला कुलूप लावून त्या धुळ्याच्या बसस्थानकावर आल्या. जळगावची गाडी लागलेलीच होती. खिडकीजवळची जागा मिळाली. पिशवी वरच्या फळीवर ठेवा, असं कंडक्टरनं सांगितलं तरी त्यांनी ती मांडीवरून हलवली नाही. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडला होता.

लॅपटॉप त्यांच्या यजमानांचा, भाईदास सरांचा. सरांना जाऊन वर्ष झालं होतं. जाण्याआधी चौदा महिने ते पुढच्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर पडून होते. उजवं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. ज्या माणसानं तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, त्याच्या तोंडून आता नुसतं "अं... अं" निघायचं. बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, रोज दुपारी थोडा वेळ शब्द म्हणायचा प्रयत्न करा आणि ते लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे फरक कळेल. सर रोज दोनच्या सुमारास डाव्या हातानं बटण दाबायचे. बाकी काही हवं असेल तर डाव्या हातातली चांदीची अंगठी कॉटच्या दांडीवर आपटायचे. टक. टक-टक. की सुलक्षणाबाई हातातलं टाकून धावायच्या.

ते गेल्यावर त्यांनी लॅपटॉप कपाटात ठेवला तो ठेवलाच. वर्षश्राद्धाला सुरतेहून मुलगी आली. दीपमाला. तिनं तो काढला, चार्जरला लावला, सुरू केला. पडदा काळाच राहिला आणि आतून आवाज आला. टक. टक-टक.

सुलक्षणाबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं.

"डिस्क गेली वाटतं," दीपमाला म्हणाली. तिला एवढंच कळलं.

गल्लीच्या टोकाला रतिलालभाईंचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी लॅपटॉप कानाला लावला आणि मान हलवली. "ताई, जीव गेला हिच्यातला. नवी टाकून देतो. हिच्या नादी लागू नका." सुलक्षणाबाईंना ते ऐकून इतकं हलकं वाटलं, की त्या तिथल्या तिथे हो म्हणणार होत्या. पण दीपमाला अडून बसली. आजारपणातला बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. सुरतेला परत गेल्यावर तिनं चौकशी करून जळगावचं एक दुकान शोधून काढलं, गेलेल्या डिस्कमधलं काढून देणारं. आणि म्हणून ही मंगळवारची गाडी.

दुकान बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर, एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. आमिर नावाचा तिशीतला, शांत बोलणारा माणूस ते चालवत होता. त्यानं आधी पाणी दिलं, मग डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली. ती ठोकू लागली तशा सुलक्षणाबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या.

"घाबरू नका, मावशी. आतलं वाचणारं हेड, सुईसारखं असतं ते, गेलंय. ते आपली जागा शोधायला जातं, सापडत नाही, परत येऊन आपटतं. पुन्हा जातं."

"दुरुस्त होईल?"

"दुरुस्त अशी ती होत नाही. दुसऱ्या तशाच डिस्कचं हेड काढून हिला बसवायचं आणि ते टिकेल तेवढ्यात मिळेल ते वाचून घ्यायचं. काय मिळेल, सांगता येत नाही. नाहीतर हिला सोडून द्या. नवी टाकतो, तासाभरात लॅपटॉप घेऊन घरी जा."

सुलक्षणाबाई डिस्ककडे बघत राहिल्या. नवी टाका, हे दोन शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात पिशवीतला मोबाइल वाजला. दीपमालाच होती. "पोचलीस का? दे त्यांना फोन." त्यांनी फोन आमिरच्या हातात दिला आणि मान खाली घातली. पुढचं त्या दोघांचंच ठरलं.

त्यांना कशाची भीती होती, ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

गेल्या चैत्रातली ती दुपार. आदल्या तीन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. चादर दोनदा बदलून झाली होती. सुलक्षणाबाई स्वयंपाकघरात फरशीवर टेकल्या, पाठ ओट्याच्या भिंतीला, आणि तेवढ्यात बाहेर ठोकणं सुरू झालं. टक. टक-टक. त्या उठल्या नाहीत. दमल्या होत्या म्हणून नव्हे. मनात एकदम स्वच्छ आलं, नाही जायचं. ठोकू देत. त्यांनी पदर दोन्ही कानांवर घट्ट धरला आणि समोरच्या डब्यांकडे बघत बसल्या. किती वेळ, ते त्यांना कधीच सांगता आलं नसतं. पुढचं आठवत होतं ते एकदम कॉटजवळचं. सरांचा थंड पडत चाललेला हात, स्वतःची आरोळी, आणि ती ऐकून धावत आलेल्या शेजारच्या वच्छलाबाई. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले असावेत. लोक म्हणाले, सुलक्षणाबाईंनी फार केलं. त्या गप्प राहिल्या, आणि गप्प राहता राहता वर्ष गेलं.

बारा दिवसांनी, सकाळी चहा घेताना, दीपमालाचा फोन आला. ती रडत होती.

"आई, त्यांनी काल पाठवलं. चारच फाइली निघाल्या. त्यातली एक... बाबा गेले त्या दुपारची आहे."

सुलक्षणाबाईंनी कप खाली ठेवला. आता सगळं संपलं, असं त्यांना वाटलं. आणि खोटं कशाला बोला, त्या संपण्यातही एक सुटका होती.

"माझं चुकलं गं, आई," दीपमाला म्हणाली. "मला वर्षभर वाटत होतं, बाबा एकटेच गेले. तू झोपली असशील, आत असशील... मनातून मी तुझ्यावर रागावले होते. आणि ते ठोकत होते, तू आलीस, किती मायेनं पाणी पाजलंस त्यांना... शेवटी भ्रमात काहीबाही बोलले ते, तरी किती हळू बोलत होतीस..."

"कोण?"

"तू गं. असं काय करतेस?"

सुलक्षणाबाईंनी फोन ठेवला. दुसऱ्याच कुठल्या दिवसाची असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. तारीख चुकली असेल. अकराच्या गाडीनं त्या जळगावला निघाल्या.

दुकानात पोचल्या तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. संकुलातली बरीच दुकानं उन्हामुळे अर्ध्या शटरवर होती. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. आमिरनं त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला.

"चालते की नाही बघायला मला थोडं ऐकावं लागलं, मावशी. माफ करा. पण खरं सांगू, माझी आई असंच करायची वडिलांचं."

"तारीख बरोबर आहे का?"

त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. तारीख बरोबर होती. वेळ, दुपारी दोन वाजून सहा मिनिटं.

त्यांनी हेडफोन कानावर चढवला.

आधी पंख्याची घरघर. लांब कुठे तरी भंगारवाल्याची हाक. सरांचं "अं... अं". मग अंगठी. टक. टक-टक. थांबून पुन्हा. आधी सावकाश, मग घाईघाईनं, मग नुसतं कसंही, आणि मध्ये मध्ये घशातून निघणारा, ओढल्यासारखा श्वास. सुलक्षणाबाई ऐकत होत्या. एकही ठोका त्यांनी चुकवला नाही. पदर कानांवर घेतला होता तरी त्या दिवशीही हे सगळं ऐकू आलंच होतं, हे त्यांना आत्ता कळलं. पडद्यावरचे आकडे एकोणीस मिनिटं दाखवत होते, तेव्हा ठोकणं थांबलं.

बांगड्या वाजल्या. अनवाणी पावलं कॉटपाशी आली.

"उनू, उनू ना..." एक बाई म्हणाली. "मी आठेच शे."

आले, इथेच आहे, असं सांगणारा तो आवाज सुलक्षणाबाईंचा होता. घरात दोघं अहिराणीतच बोलत, ती बोलीही त्यांचीच. वाक्याच्या शेवटी जरा खाली पडणारा सूरही त्यांचाच. फक्त एवढ्या मायेनं त्या सरांशी गेल्या कित्येक महिन्यांत बोलल्या नव्हत्या.

तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. घोट गिळल्याचा आवाज आला. आणि मग चौदा महिने ज्यांना एक शब्द फुटला नव्हता ते सर स्पष्ट, सावकाश बोलले.

"तू... कोन शे?"

"मी शे ना. दुसरं कोन येई आते?"

"ती कोठे शे?"

"ती तठे बठेल शे. एकलीच. ती काय येवाव नही." डोक्यावरून हात फिरवावा तशा बांगड्या हळूच किणकिणल्या. "झोपा तुम्ही. मी तिनाकडे जाई येस..."

ती एकटी बसलीय, येणार नाही, मी तिच्याकडे जाऊन येते, एवढं बोलून आवाज तुटला.

सुलक्षणाबाईंनी हेडफोन काढला. त्या दिवशी सरांना आंघोळ घालताना वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, भांग किती नीट पाडलाय तुम्ही यांचा. तेव्हा ते कानावरून गेलं होतं. आपण तर दोन दिवसांत कंगवा हातात घेतला नव्हता.

"पुढचं?" त्यांनी विचारलं.

"पुढची आठ मिनिटं आहेत, पण त्या जागी तबकडी खरवडली गेलीय. तुमच्या मुलीला मी इथपर्यंतचंच पाठवलं." आमिर जरा घुटमळला. "मावशी, माझं ऐका, इथेच थांबू. पुढे वाचायला गेलो तर हे हेडही जाईल आणि डिस्क कायमची बसेल. सर तोवर शांत झालेले असणार. जे हवं होतं ते मिळालंय. मी नवी डिस्क घालून, या चार फाइली त्यात टाकून ठेवल्यात. लॅपटॉप तयार आहे."

खरंच तयार होता. टेबलावर स्वच्छ पुसून ठेवलेला, आवाज न करता चालू. तो उचलायचा, दुपारची गाडी पकडायची, घरी जायचं. दीपमालाच्या मनात आई आता चांगली होती. ती चांगली आई कोण होती, हे कधीच कुणी विचारणार नव्हतं. जुनी डिस्क कचऱ्यात गेली की विचारायला काही उरणारही नव्हतं.

"वाच," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"मावशी..."

"मोडली तर मोडू दे. वाच तू."

आमिरनं डिस्क यंत्राला जोडली. ती फिरायला लागली, मग तिच्यातून नखानं पत्रा ओरबाडावा तसा आवाज यायला लागला. तो वाढत गेला, आणि पंचवीस-तीस मिनिटांनी एकदम बंद पडला. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. आमिरनं हात लावून पाहिला आणि मान हलवली. डिस्क गेली होती. आठ मिनिटं मात्र निघाली होती.

"मी बाहेर उभा राहतो," तो म्हणाला. कशामुळे कोण जाणे, त्याला आत थांबावंसं वाटलं नाही.

सुलक्षणाबाईंनी पुन्हा हेडफोन चढवला.

अनवाणी पावलं कॉटपासून लांब गेली, आतल्या बाजूला. सरांचा एक लांब श्वास. पुढचा यायला हवा होता, तो आला नाही. मग बराच वेळ पंखाच. आणि आत, स्वयंपाकघरात, कुणी तरी रडायला लागलं. तोंडावर पदर दाबून रडावं तसं, दबलेलं. सुलक्षणाबाई त्या दुपारी रडल्या नव्हत्या. शपथेवर सांगता आलं असतं, एक टिपूसही आलं नव्हतं. पण रडणं त्यांचंच होतं. आणि त्या रडण्यावरून, हळू आवाजात, दुसरी समजूत काढत होती, तीही त्यांच्याच आवाजात. "उगी... उगी ऱ्हाय आते... तू बैस आठेच. मी जास बाहेर. मी सगळं करस..."

पावलं वाजली. स्वयंपाकघरातून निघाली, पुढच्या खोलीत आली. एकाच बाईची पावलं. आत रडणं चालूच होतं.

मग ती आरोळी. त्या दिवशी गल्लीनं ऐकलेली, सुलक्षणाबाईंना नीट आठवणारी. त्या आरोळीपासूनचं त्यांना सगळं आठवत होतं. कॉटची थंड दांडी, सरांचा हात, दारातून आत आलेलं ऊन. त्याच्या आधीचं, फरशीवरून आपण उठल्याचं, चार पावलं चालल्याचं, त्यांनी डोळे मिटून पुन्हा पुन्हा शोधून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

रेकॉर्डिंगमध्ये दाराची कडी वाजली. धावत आलेली पावलं, वच्छलाबाईंची धाप, "आरे देवा... आरे देवा..." त्या कॉटपाशी आल्या असाव्यात. मग वच्छलाबाईंनी आवाज खाली आणून विचारलं,

"सुलक्षणाबाई... सैपाकघरमा कोन रडी ऱ्हायनं वं?"

आणि लॅपटॉपच्या अगदी जवळून, त्यांच्याच शांत आवाजात उत्तर आलं.

"कोनी नही."