फळीवरची कोरी जागा

हे घडलं ते भर दुपारी, म्हणून तर मनातून जात नाही. रात्रीचं असतं तर अंधाराला बोल लावून मोकळं होता आलं असतं.

ती त्या दिवशी कलावर्गात गेली होती ती फक्त आपली चिकटचित्राची फळी घरी आणायला. घरात तिला दचकी म्हणत. दाराची कडी वाजली तरी तिच्या हातातला पेला सुटायचा. भावाने चेष्टेत नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. कॉलेज संपल्यावर तिने मोठी मिनतवारी केली, तेव्हा कुठे आईने वर्षभराची सवलत दिली होती. "सरांनी प्रदर्शनासाठी निवडलं तर पुढचं बघू. नाहीतर गपगुमान मामाच्या कचेरीत बसायचं. चिंध्या चिकटवून कुणाचं भलं झालंय आजवर?"

वर्ग एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. जिना चढतानाच गोंदाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा. लांब टेबलावर टोपल्या मांडलेल्या असत: फाटके कागद, दोरे, गंजकी तार, जाळीचं कापड, बटणं. सरांची पद्धत ठरलेली. डोळे मिटून बसायचं, मन रिकामं करायचं आणि हात टोपलीत घालायचा. लागेल ते उचलायचं, हात नेईल तिथे चिकटवायचं. "विचार आला की चित्र गेलं," असं सर म्हणत. फळ्याही तेच देत, वरून पांढरा रंग मारलेल्या.

दचकीचा हात कधी अडखळला नाही. जाळी इथे, तार तिथे, निळा कागद कोपऱ्यात असा तिरका… लहानपणी कुणीतरी मनगट धरून अक्षर गिरवून घेतं ना, अगदी तसं. बाकीच्या मुली कुजबुजत, "हिच्या अंगात येतं बाई." तिला त्याचंही सुख वाटे. आयुष्यात पहिल्यांदाच अशी एक जागा सापडली होती, जिथे तिला कशाचीच भीती वाटत नव्हती.

फक्त फळीच्या मधोमध एक जागा कोरी राहिली होती. चेहऱ्याएवढी. तिथे हात जातच नसे. मुद्दाम नेला तर बोटं आखडत.

"राहू दे," सर म्हणाले होते. "तेच चित्राचं मर्म आहे. तुला कळत नाही, पण तुझ्या हाताला कळतं."

या एका वाक्यावर तिने कित्येक आठवडे काढले.

तर त्या दुपारी वर्गात कुणी नव्हतं. तिने फळी काखेत घेतली आणि वळणार, एवढ्यात पाठीमागून आवाज आला, "निघालीस?"

सरच होते. पण दचकायचं ते ती दचकलीच. फळी निसटली, कोपरा फरशीवर आपटला. तेवढ्यात सरांचा फोन वाजला, म्हणून ते बाहेर गेले.

कोपऱ्याचा टवका उडाला होता. तिच्या निळ्या कागदाखाली पांढरा रंग दिसत होता. आणि पांढऱ्या रंगाखाली… निळा कागद. तसाच तिरका.

तिने टेबलावरची सुरी घेतली. जाळीखाली पांढरा रंग, त्याखाली जाळी. तारेखाली तार, जास्त गंजलेली. त्याच्याही खाली आणखी एक थर, आणि त्यातही तेच, तिथेच. मग ती कोऱ्या जागेच्या कडेने पांढरा रंग खरवडत आत सरकू लागली. मधल्या थरातल्या चिंध्या पार आतवर आलेल्या होत्या. तिथे कोरी जागा होती ती तळहाताएवढी. सगळ्यात खालच्या थरात, नखाएवढी.

म्हणजे ती वाढत आली होती.

सर दारात उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

"सर… या फळीवर आधी कोण…?"

"होत्या दोघी." आवाज नेहमीसारखाच मऊ. "चांगल्या होत्या. तुझ्याइतक्या नाही."

"त्यांनी हेच केलंय. जसंच्या तसं."

"मग काय झालं? उगम विचारू नये, बाळ. नळातून पाणी येतं, म्हणून पाणी नळाचं असतं का?"

"आणि प्रदर्शनात नाव…"

"वर्गाचं लागतं. माझ्या वर्गाचं. सांगितलं नव्हतं का तुला?"

"त्या दोघी आता कुठे असतात?"

सर तिच्याकडे नाही, फळीकडे बघत होते. "तुझी निवड झाली आहे. खरवडलंस तेवढं नीट कर. मध्ये हात लावू नकोस. प्रदर्शन झालं की वरून रंग मारू, मग पुढची मुलगी… आता एकच थर उरलाय, मग ती जागा पुरी होईल."

तिला रडू आलं नाही. जिभेवर कडू चव यावी तसा राग आला. जिला ती वर्षभर आपली देणगी समजत होती, ती दुसऱ्यांची उष्टी निघाली होती, आणि ती पानात वाढणाऱ्या सरांना ते पक्कं ठाऊक होतं. तिने सामान गुंडाळायचा साधा खाकी कागद ओढला. पट्टी घेतली, पेन्सिल घेतली. डोळे टक्क उघडे ठेवून माप घेतलं, कागद कापला, गोंद लावला आणि कोऱ्या जागेवर बसवला. बोटं आखडली. आखडलेल्या बोटांनीच तिने तो दाबला.

"एवढं तरी माझं आहे," ती म्हणाली.

सर मागे सरकले, पार भिंतीपर्यंत. "घेऊन जा ती फळी," ते हळूच म्हणाले. "निवड वगैरे विसर. पण ती इथे ठेवू नकोस."

घरी आईने तिच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "झालं समाधान? सोमवारपासून मामाकडे." मग फळी भिंतीशी टेकवताना तिने चष्मा वर केला. "त्यातल्या त्यात हा कागद तेवढा सरळ कापलायस. पण नीट बसला नाहीये गं. बघ, फुगलाय. हवा राहिली आत."

दचकीने फडकं घेऊन मधून कडेकडे दाबत नेलं. कागद बसला. हात काढला, तसा पुन्हा फुगला. तिने तळवा ठेवला. कोमट होता.

आई कपडे काढायला गच्चीवर गेली. दचकी समोर बसून राहिली. कागद वर येत होता, खाली जात होता. बराच वेळ बघितल्यावर तिच्या लक्षात आलं, तो तिच्या श्वासाबरोबर हलतोय. तिला हसूच आलं. इतक्या जवळ बसल्यावर कागद हलणारच की. ती उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, भिंतीला पाठ लावली आणि श्वास रोखून धरला.

कागद खाली गेला. थांबला.

मग सावकाश, तिची वाट न बघता, वर आला. कडा चारही बाजूंनी घट्ट चिकटलेल्या होत्या.

खोलीत गोंदाचा ओला, कोमट वास पसरला…