बायकोच्या रक्तातला उजवेपणा

निवृत्त होईपर्यंत चोवीस वर्षं मी प्रयोगशाळेत एकच काम केलं: रक्त-लघवीतली अमिनो आम्लं वेगळी करणं. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. बहुतेक विटा दोन घाटांच्या, डावी आणि उजवी. हातमोज्यांसारख्या, एकमेकींचं प्रतिबिंब. माणूस जवळजवळ सगळा डाव्यांचा बनलेला. उजव्या सापडतात त्या चिमूटभर. सासऱ्यांना हे समजावलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आणि याचा पगार देतात?"

त्यातल्या शेवटच्या वर्षी बायकोचं वजन उतरू लागलं. खायची माझ्या दुप्पट, पण अंगी लागेना. चार महिन्यांत अकरा किलो गेलं. डॉक्टर म्हणाले, "अंडी वाढवा." वाढवली. आणखी दोन किलो गेलं.

शेवटी तिचं रक्त मीच यंत्रात घातलं. तुलनेला, रिवाजाप्रमाणे, माझं. आलेखावर माझं डावं शिखर उंच, उजवं नावापुरतं. तिचं बरोब्बर उलटं.

"बाटल्यांची अदलाबदल केलीत तुम्ही," आमच्या मॅडम म्हणाल्या. "धांदरटच आहात."

"केली असली तरी दोघांपैकी एकाचं उलटंच आहे की."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. नळी बदलून तीनदा तपासलं. तेच.

"असा माणूस जगत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आपलं अन्न सगळं डावं. हिच्या अंगी त्यातलं काही लागणारच नाही."

"मग ही इतकी वर्षं..."

"वर्षं कसली? फार तर काही महिने."

घरी आलो तेव्हा बायको चौथं अंडं सोलत होती. हनुवटीवरचा तीळ उजवीकडे होता. लग्नाच्या फोटोत तो डावीकडे आहे. मधल्या काळाबद्दल मी शपथेवर काही सांगू शकत नाही. नवऱ्यांची साक्ष अशीच असते.

कागद तिच्यापुढे ठेवला, सगळं सांगितलं. ती दचकली नाही.

"म्हणजे मला इथलं काहीच लागणार नाही?"

"नाही."

तिनं भिंतीवरच्या आरशाकडे पाहिलं.

"मग तिलाही तिकडचं लागत नसणार."

मीही आरशाकडे वळलो.

"माझ्याआधी जाईल हो ती," कवचाचे तुकडे गोळा करत ती म्हणाली. "परवापासून ताटाला हातसुद्धा लावत नाहीये."